गोलरक्षकाची बदली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील क्रीडासंमेलनाच्या समारोपप्रसंगी राउरकेला येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मिळाला म्हणजे वक्त्याने मातृभाषा, संस्कृती, पुढची पिढी अशा भारदस्त विषयांवर बोलावे असा संकेत आहे. तो संकेत आज आम्ही मोडणार आहोत. आमचा विषय अगदी लहान आहे. संघाचा गोलरक्षक जेव्हा अपयशी ठरू लागतो, तेव्हा त्याला ठेवावे की बदलावे, एवढाच. परंतु विषय लहान असला तरी तो आपल्या घरातला आहे हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. गेल्या महिन्यात शहरातील निरनिराळ्या भाषिक मंडळांच्या मुलांचे जे सामने झाले, त्यांत आपला संघ ओळीने तीन सामने हरला आणि आपल्या गोलात अकरा वेळा चेंडू गेला. त्यानंतर कार्यकारिणीची जी बैठक भरली, तीत गणेशोत्सवाचा संपूर्ण खर्च पंधरा मिनिटांत मंजूर झाला आणि गोलरक्षकावर दोन तास चर्चा झाली. एक पक्ष म्हणाला, मुलगा बदला. दुसरा पक्ष म्हणाला, आपलाच मुलगा आहे, राहू द्या. निर्णय काही झाला नाही. शेवटी अध्यक्षमहाराजांनी, आम्ही एके काळी गोलात उभे राहत होतो हे कोठून तरी ऐकून, हे काम आमच्या गळ्यात घातले. तो मुलगा आज येथे बसला आहे. त्याची परवानगी घेऊनच आम्ही उभे आहोत; त्याचे नाव घेणार नाही.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. या सुंदरगढ जिल्ह्यात हॉकीत जिंकणे म्हणजे कोल्हापुरात जाऊन कुस्ती मारण्यासारखे आहे. येथल्या खेड्यापाड्यांत बक्षीस म्हणून बोकड लावून सामने होतात आणि बांबूची काठी तासून घेतलेले पोर अनवाणी पायाने असे धावते, की बूट घातलेल्या शहरी मुलाने पाहत राहावे. दिलीप तिर्की याच जिल्ह्यातील सौनामारा गावचे. 1996, 2000 आणि 2004 अशी तीन ऑलिंपिक ते खेळले, भारताचे कर्णधार झाले आणि 2022 साली हॉकी इंडियाचे अध्यक्ष झाले. अमित रोहिदास हाही त्याच गावचा. त्याच्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत. तेव्हा या भूमीत अकरा गोल खाणे ही फारशी लाजेची बाब नाही. किंबहुना तीन सामन्यांत अकराच झाले, याबद्दल आम्हांस थोडे आश्चर्य वाटले.

आता गोलरक्षक म्हणजे काय, ते ज्यांनी कधी काठी हातात धरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हॉकीचा गोल बारा फूट रुंद आणि सात फूट उंच असतो. म्हणजे 84 चौरस फुटांची मोकळी जागा एका माणसाने राखायची. समोर सोळा यार्डांचे अर्धवर्तुळ, ज्याला आपण ‘डी’ म्हणतो. या डीच्या टोकावरून आजचा तरबेज खेळाडू ड्रॅग-फ्लिक मारतो, तेव्हा चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या पुढच्या वेगाने येतो. त्याला गोलापर्यंत पोहोचण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. डोळ्याने पाहून विचार करण्यास तेवढा वेळ पुरत नाही. शरीरालाच आधीपासून ठाऊक असावे लागते. हे ठाऊक असणे ज्याला आपण आत्मविश्वास म्हणतो त्याच्यावर चालते, आणि आत्मविश्वास ही वस्तू पहिल्या दोन गोलांनंतर भांडारातून पुन्हा मिळत नाही.

शिवाय या जागेचा एक अन्याय आहे. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडल्या आणि अकरावी साधली, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. गोलरक्षकाने दहा फटके अडवले आणि अकरावा सुटला, तर तो अकरावा तेवढा फलकावर लागतो. अडवलेल्या चेंडूंची नोंद फलकावर होत नाही. सरकारी नोकरीत ज्यांनी आयुष्य काढले त्यांस हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हा विषय आमच्या मनात शिरला तो 1982 च्या 1 डिसेंबरला. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो आणि पुण्याजवळ खडकीस राहत होतो. खडकी हे हॉकीचे गाव. पुढे ज्याचे नाव सर्व जगाने घेतले तो धनराज पिल्ले तेथल्याच दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढला. दिल्लीस आशियाई सामने चालले होते. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले होते, पण आमच्या चाळीत एकच संच आणि तोही कृष्णधवल. त्या एका खोलीत चाळीस माणसे दाटीने बसली होती. अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांचा. पंतप्रधान इंदिरा गांधी प्रेक्षकांत होत्या. पहिला गोल भारतानेच केला आणि खोलीत जो कल्लोळ झाला त्यात कोणाची तरी चहाची कपबशी फुटली. त्यानंतर पाकिस्तानने सात गोल केले. एकामागून एक, सात. चौथ्या गोलानंतर माणसे उठून जाऊ लागली. शेवटपर्यंत आम्ही चौघे-पाचजण राहिलो आणि ज्यांचा तो संच होता ते काका मुकाट्याने बसून होते.

भारताच्या गोलात मीर रंजन नेगी होते. दुसऱ्या दिवसापासून देशभर एकच नाव लोकांच्या तोंडी झाले. गोलरक्षकाने पैसे घेतले, देश विकला, असे खुशाल बोलले गेले. आमच्या शाळेत, जेथे कोणालाही काही माहीत असण्याचे कारण नव्हते, तेथेही मुले छातीठोकपणे हे सांगत होती आणि त्यांत आम्हीही होतो. सिद्ध काहीच झाले नाही. परंतु भारताच्या गोलात उभे राहण्याची संधी नेगी यांना पुन्हा मिळाली नाही.

आज शांतपणे पाहू गेल्यास काय दिसते? समोरचा संघ कोणता होता? त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईस विश्वचषक जिंकून गेलेला. हसन सरदार, कलीमुल्ला, हनीफ खान यांची ती आघाडीची फळी. दोन वर्षांनी तिने लॉस एंजेलिसला ऑलिंपिक सुवर्णपदकही नेले. अशा फळीला सात वेळा गोलापर्यंत येऊ देणे हे एका माणसाचे काम असू शकते काय? गोलरक्षकाच्या पुढे दहा माणसे होती. त्यांच्यातून सात वेळा चेंडू आला. त्या दहांबद्दल आमच्या चाळीत कोणी अवाक्षर काढले नाही. आणि गोलरक्षक बदलल्यानंतर काय झाले? 1984 च्या ऑलिंपिकमध्ये आपण पाचवे आलो. 1986 साली लंडनच्या विश्वचषकात बारा संघांत बारावे. म्हणजे माणूस बदलला आणि दुखणे जागच्या जागी राहिले.

नेगी यांची गोष्ट तेथेच संपली नाही. पुष्कळ वर्षांनी ते परत आले ते प्रशिक्षक म्हणून. 1998 साली बँकॉकच्या आशियाई सामन्यांत भारताने बत्तीस वर्षांनंतर सुवर्णपदक मिळविले, तेव्हा गोलरक्षकांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी बरोबरीत सुटला, पेनल्टी स्ट्रोकवर निकाल लागला आणि आशिष बल्लाळने गोल राखला. कर्णधार आमच्या खडकीचा धनराज. मग त्या बल्लाळचे काय झाले म्हणाल तर पदक घेऊन आल्यावर थोड्याच दिवसांत धनराजसह त्याला संघातून वगळण्यात आले. तेव्हा गोलरक्षकाची बदली केवळ अपयशामुळेच होते असेही समजू नये. ‘प्रशासकीय कारण’ नावाची एक वस्तू असते. तिच्याशी आमचा तीस वर्षांचा परिचय आहे.

आता उलट बाजूचे उदाहरण घेऊ. ते आपणां सर्वांस अधिक जवळचे वाटेल, कारण तो माणूस मराठा लाइट इन्फन्ट्रीचा होता. शंकर लक्ष्मण. इंदूरजवळच्या महू छावणीत जन्म, 1947 साली लष्कराच्या बँडमध्ये भरती, आणि तेथून भारताच्या गोलात. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने अडतीस गोल केले आणि एकही स्वीकारला नाही; त्या संघात ते होते. पुढे 1960 साली रोमला काय घडले ते जुन्या पिढीस आठवत असेल. सहा सुवर्णपदके ओळीने जिंकलेला भारत ऑलिंपिकच्या मैदानावर पहिल्यांदा हरला, पाकिस्तानकडून, एका गोलाने. गोलात शंकर लक्ष्मण. 1962 साली जाकार्ताच्या आशियाई सामन्यांत अंतिम फेरीत पुन्हा पाकिस्तानकडून दोन गोलांनी पराभव. त्या संघातही ते होते. बंधुभगिनींनो, आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा प्रश्न आला असता तर काय ठराव झाला असता याची आपण कल्पना करावी.

त्या वेळच्या निवड समितीने तो ठराव केला नाही. 1964 साली टोकियोला ते पुन्हा गोलात उभे राहिले. डोक्यावर शिरस्त्राण नाही, छातीस कवच नाही. पायाला पॅड आणि हातात काठी एवढेच. समोर पुन्हा पाकिस्तान. मोहिंदर लालने पेनल्टी स्ट्रोकवर एक गोल केला आणि उरलेला वेळ शंकर लक्ष्मण यांनी तो राखला. 1-0. दोन वर्षांनी 1966 मध्ये बँकॉकला त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला हरवून आशियाई सुवर्णपदक घेतले. गोलरक्षकाने कर्णधार व्हावे ही त्या काळी कल्पनेबाहेरची गोष्ट होती. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी मात्र त्यांची निवड झाली नाही आणि त्या वर्षी भारत प्रथमच अंतिम सामन्याविना परतला. त्यांना वगळल्यामुळेच असे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. नेगींच्या बाबतीत जो अविचार लोकांनी केला तोच उलट्या दिशेने करण्यात काय अर्थ? त्यांची अखेर महूलाच झाली, 2006 साली. ज्या पायांनी टोकियोला चेंडू अडवले त्यांतल्या एका पायास गँगरीन झाले होते.

आणि आता अगदी अलीकडचे. 2021 च्या 25 जुलैला टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा सामना ऑस्ट्रेलियाशी झाला. आम्ही तो येथे, याच वसाहतीत, रंगीत संचावर पाहिला. निकाल काय लागला? एक विरुद्ध सात. एकोणचाळीस वर्षांनी तोच आकडा! फलक पाहताच आम्हांस खडकीची ती खोली आणि ते काका आठवले. गोलात केरळचा श्रीजेश होता. आमच्या शेजारचे एक गृहस्थ, नाव सांगत नाही, ते येथे दुसऱ्या रांगेत बसले आहेत, ताडकन उठून म्हणाले, “संपला हा! उद्या दुसरा उभा करा.”

पण परदेशी प्रशिक्षकाने तसे केले नाही. दोनच दिवसांनी तोच श्रीजेश स्पेनविरुद्ध उभा राहिला आणि त्या सामन्यात भारतावर एकही गोल झाला नाही. पुढे 5 ऑगस्टला कांस्यपदकासाठी जर्मनीशी गाठ पडली. भारत 5-4 ने पुढे, सामना संपण्यास सात सेकंदांहून कमी वेळ, आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. तो अडवला श्रीजेशने. एक्केचाळीस वर्षांनी भारताला हॉकीचे ऑलिंपिक पदक मिळाले आणि तो माणूस जाऊन गोलाच्या आडव्या दांडीवर बसला. ते छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. 1-7 पासून त्या दांडीपर्यंत अकरा दिवसांचे अंतर होते. शेजारच्या गृहस्थांनी त्या दिवशी पेढे वाटले हेही नमूद केले पाहिजे.

येथे एका माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. पेनल्टी कॉर्नर अडविताना गोलरक्षकासह पाचच जण गोलरेषेमागे उभे राहू शकतात; बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. चेंडू ढकलला जाताच त्या पाचांतला एक जण फटका मारणाऱ्याच्या अंगावर सरळ धावून जातो. त्याला पहिला धावणारा म्हणतात. चेंडू गुडघ्यावर, मांडीवर, हातावर कोठेही लागू शकतो. तो धावला की फटका मारणाऱ्याला कोन बदलावा लागतो, आणि मग गोलरक्षकाला राखण्याची जागा निम्मी उरते. टोकियोत भारताचा पहिला धावणारा होता आपल्या सौनामाऱ्याचा अमित रोहिदास. दांडीवर श्रीजेश एकटाच बसला, पण आमच्या डोळ्यांना तेथे दोघे दिसत होते. 2024 साली पॅरिसला उपांत्यपूर्व सामन्यात पंचांनी याच रोहिदासला लाल पत्र दाखवून बाहेर काढले. उरलेला बहुतेक सामना भारत दहा जणांनी खेळला आणि श्रीजेशने ब्रिटनला बरोबरीत रोखून पुढे शूटआउट जिंकून दिले. उपांत्य सामन्यात बंदीमुळे रोहिदास नव्हता आणि जर्मनीने आपल्याला 3-2 ने हरविले. मग स्पेनला हरवून कांस्यपदक मिळाले, श्रीजेश निवृत्त झाला आणि त्याचा सोळा क्रमांकाचा पोशाखही हॉकी इंडियाने निवृत्त केला.

आता आम्ही ज्यासाठी उभे राहिलो ते सांगतो. ते थोडे अवघड आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमची नेमणूक उत्तरेकडील एका शहरात होती. कचेरीचा हॉकी संघ होता आणि निवड समितीचे चिटणीसपद आमच्याकडे होते. स्वतः गोलरक्षक असलेल्या माणसाकडे ते असावे यात विनोद आहे, तो पुढे कळेल. आमचा गोलरक्षक कचेरीतील टपाल वाटणारा शिपाई होता. सहा वर्षे तो संघाकडून खेळला होता. एका हंगामात आम्ही दोन सामने हरलो, एक पाच गोलांनी आणि दुसरा 1-4 असा. समितीची बैठक दहा मिनिटेही चालली नाही. टिपणी आम्ही लिहिली, सही आम्ही केली. ‘संघाच्या हितास्तव बदल आवश्यक.’ त्या माणसाला बोलावून एक शब्द विचारावा असे तिघांपैकी कोणासही वाटले नाही. आदेश फलकावर लागला आणि त्याने तो टपाल वाटता वाटता वाचला.

नवा गोलरक्षक घेतला. पुढच्या सामन्यात चार गोल झाले.

त्या रात्री आम्ही तिन्ही सामन्यांच्या नोंदी काढून बसलो. आधीच्या नऊ गोलांपैकी सहा पेनल्टी कॉर्नरवर झालेले होते. नव्याने झालेल्या चारांपैकी तीन तसेच. मग लक्षात आले. आमचा पहिला धावणारा, एक उंच लेखनिक, त्याची दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या गावी बदली झाली होती. त्याच्या जागी धावायला कोणालाही नेमलेले नव्हते! जो तो समजत होता, दुसरा धावेल. आमच्या मराठीत ‘बदली’ या एकाच शब्दात दोन्ही अर्थ आहेत. एका बदलीने घात केला आणि त्यावर उपाय म्हणून आम्ही दुसरी बदली केली, ती चुकीच्या माणसाची. आणि आम्ही गोलरक्षक! पेनल्टी कॉर्नरच्या वेळी आपल्यापुढून कोण धावते हे ज्याने सर्वांआधी पाहायचे, त्याच्याच ध्यानात ते आले नाही. शिपायाच्या ते ध्यानात आले असलेच पाहिजे. पण त्याला विचारले कोणी?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्याकडे गेलो. चूक कबूल केली आणि परत येण्याची विनंती केली. तो उठून उभा राहिला, कारण आम्ही अधिकारी होतो. म्हणाला, “साहेब, पॅड त्याच दिवशी भांडारात जमा केले. पावती आहे.” आणि त्याने खिशातून खरोखरच पावती काढून दाखवली. तो रागावला नव्हता. पुन्हा मैदानावर मात्र तो कधी आला नाही. सामने असत त्या दिवशी तो टपाल घेऊन दूरच्या कचेरीत जाई. वर्षभरात आमचीही बदली झाली.

म्हणून गोलरक्षक कधी बदलूच नये असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. 2012 साली लंडनला भारत सर्व सामने हरून बारावा आला. तेव्हा कर्णधार स्वतः गोलरक्षक होता. त्यानंतर गोल श्रीजेशकडे गेला आणि जे झाले ते योग्यच झाले. श्रीजेश 2006 साली प्रथम भारताकडून खेळला. पुढची कितीतरी वर्षे तो कधी आत, कधी बाहेर. पुढच्याला ठेवण्याची दया जेव्हा आपण करतो तेव्हा मागे उभ्या असलेल्याचे एकेक वर्ष जात असते, हे ‘आपलाच मुलगा आहे’ म्हणणाऱ्या पक्षाने ध्यानात घ्यावे. श्रीजेशच्याही मागे कृष्ण पाठक वर्षानुवर्षे उभा होताच. 2023 साली विश्वचषक आपल्या राउरकेल्यात आणि भुवनेश्वरला झाला. बिरसा मुंडा स्टेडियमवर स्पेन आणि इंग्लंड यांच्याविरुद्धचे सामने आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले. दोन्हींत भारतावर गोल झाला नाही. पुढे भुवनेश्वरला न्यूझीलंडविरुद्ध शूटआउट चालू असताना श्रीजेशला दुखापत झाली आणि पाठकला ऐन आगीत उभे राहावे लागले. भारत हरला. पाठकला कोणी देशद्रोही म्हटले नाही. 1982 पासून आपण तेवढे तरी शिकलो असे म्हणावयास हरकत नाही.

शिवाय पूर्वी एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. 1992 पासून नियम बदलला. खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतो. भारतीय संघानेही मधल्या काळात दोन गोलरक्षकांना आलटून पालटून उभे केले. तेव्हा ‘ठेवावे की बदलावे’ हा प्रश्न मुळात जितका कडू आहे असे आपण धरून चाललो, तितका तो राहिलेला नाही.

आपल्या मुलाकडे येतो. बैठकीनंतर आम्ही तिन्ही सामन्यांच्या अकरा गोलांची यादी केली, मुलांना वेगवेगळे बसवून विचारले, आणि सर्वांत आधी त्यालाच विचारले. त्याने न अडखळता सांगितले, “काका, तीन माझे आहेत.” आमच्या हिशोबातही तीनच निघाले. दोन वेळा चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला आणि एकदा तो फार लवकर खाली पडला. बाकीच्या आठांपैकी पाच झाले ते दुसऱ्या सामन्यात, जेव्हा परीक्षेमुळे आपली नऊच मुले मैदानावर होती आणि बचावाच्या जागी ज्यांनी कधी बचाव केला नाही अशी दोघे उभी होती. उरलेले तीन असे, की ते श्रीजेशनेही अडवले नसते. पायांमधून चेंडू का गेला ते पाहण्यासाठी आम्ही मंडळाचे पॅड मागवून घेतले. हे पॅड कोणी कधी आणले ते दप्तरात सापडत नाही. ते मोठ्या माणसाच्या मापाचे आहेत आणि या सडपातळ मुलाच्या पायांवर ते फिरतात. त्याने हे कोणाला सांगितले नव्हते. का, असे विचारता तो म्हणाला, “सांगितलं असतं तर सबब वाटली असती.”

या उत्तरानंतर आमचे मत बनण्यास वेळ लागला नाही. आमचे मत असे की या हंगामात तोच गोलात राहावा. दुसऱ्या एका मुलीने, जी शाळेच्या संघात गोलरक्षक आहे आणि इतके दिवस आपण तिला फक्त स्कोअर लिहावयास बसवीत होतो, तिने त्याच्याबरोबर सराव करावा आणि सरावाच्या सामन्यांत दोघांनी अर्धा-अर्धा वेळ उभे राहावे. हंगामाअखेर दोघांची नोंद समोर ठेवून निर्णय घ्यावा आणि तो दोघांना समोर बसवून, तोंडाने सांगावा. फलकावर लावू नये. तो त्याच्या विरुद्ध गेला तर जाईल. तसे त्याला आम्ही सांगितले आहे आणि त्याने मान्य केले आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी बैठकीत अवश्य विरोध करावा. मात्र आधी अकरा गोलांची यादी वाचून यावे. ती आम्ही चिटणीसांकडे दिली आहे.

लहान मापाचे पॅड जालंधरहून मागविले आहेत. पैसे आम्ही भरले आहेत आणि त्याची पावती घेतलेली नाही. ते गुरुवारपर्यंत पोहोचतील. रविवारी सकाळी सहा वाजता सराव आहे. पहिला धावणारा कोण, हे अद्याप ठरायचे आहे.